पोटात बक्रम

पोटाच्या लायपोसक्शननंतर, म्हणजे चरबी ओढून काढायच्या ऑपरेशननंतर, चौथ्या दिवशी मी बेंबीवर टेप लावला. ३९ इंच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ३७ होतं. म्हणजे एवढे पैसे मोजून, पुण्याला जाऊन, मी कंबर दोन इंचांनी वाढवून आणली होती.

माप घेणं हा माझा धंदाच आहे. सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवणारे कारखाने कमी नाहीत, त्यातलंच आमचं एक छोटं युनिट. अकरा मशिनी, एक कटिंग मास्तर, इस्त्रीला दोन बायका. त्यामुळे डॉक्टर ‘सूज येईल’ म्हणाले तेव्हा ती टेपनंच मोजायची असं मी ठरवलं आणि ऑर्डरच्या वहीत शेवटच्या पानावर स्वतःचं खातं उघडलं. खाली लिहिलंय ते बरंचसं त्या पानावरून.

वय ४४, दोन सिझर. तीन वर्षं तोंडावर ताबा ठेवून आणि रोज सकाळी तलावाला फेऱ्या मारून ७४ किलोवरून ६३ वर आले, पण बेंबीखालची आणि दोन्ही कुशींची चरबी जागची हलेना. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं की लायपोसक्शन हे वजन उतरवायचं ऑपरेशन नाही. वजन आटोक्यात आलेल्या माणसाच्या ठरावीक जागची हट्टी चरबी काढायची, एवढंच. सैल कातडीला त्याचा उपयोग नाही. सूज किती दिवस, गाठी होतात का, हे मात्र कुणी समोर बसवून सांगितलं नाही. इंग्रजीतली सात पानं हातात दिली, मी शेवटच्या पानावर सही केली. चूक माझीही आहे. गिऱ्हाईक पावती न वाचता जातं तेव्हा मी त्याला बोल लावते.

जानेवारीअखेर, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरली तसं ऑपरेशन झालं. हिशोब असा होता की सहा आठवड्यांत मोकळी होईन आणि एप्रिल-मेचा युनिफॉर्मचा सीझन धरीन. गल्लीत, कारखान्यात सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन आहे. खरं फक्त घरात माहीत.

पहिली रात्र, पुण्यात बहिणीकडे, ओलीचिंब गेली. ऑपरेशनच्या आधी चरबीत सलाईन भरतात, त्यात भुलीचं औषध आणि ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त फार जात नाही. जेफ्री क्लाइन नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञानं १९८७ साली ही रीत मांडली. पूर्वी कोरडंच ओढायचे, तेव्हा रक्त फार जायचं म्हणे. मग चार-पाच मिलिमीटरच्या छिद्रांतून बोथट नळी घालून चरबी ओढून घेतात. माझी दोन लिटर आठशे मिली निघाली. पण भरलेलं पाणी सगळं परत येत नाही. उरलेलं दीड-दोन दिवस त्या छिद्रांतून झिरपत राहतं, गुलाबी, रूह अफजाच्या पाण्यासारखं. मी घरून सहा जुने टर्किश टॉवेल नेले होते. सोलापूरच्या बाईला दुसरं काय सुचणार! पण तेच कामाला आले. बहिणीच्या गादीला डाग लागला नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते. पोट ढोलासारखं, काळेनिळे डाग मांडीपर्यंत उतरलेले. आणि एक गोष्ट बायका एकमेकींना सांगत नाहीत म्हणून लिहिते. सूज खाली उतरते ती थेट नाजूक जागेवर. मी घाबरून रात्री अकराला डॉक्टरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “पाणी खालीच जाणार ना ताई. पुरुषांनाही होतं. आठवडाभरात जाईल.” गेलं. पण आधी सांगितलं असतं तर तो एक फोन आणि बहिणीची एक रात्र वाचली असती.

परत येताना हुतात्मा एक्स्प्रेस धरली. डॉक्टरांनी बजावलं होतं की चार तास एका जागी बसायचं नाही, पायात रक्ताची गुठळी होते. मी दौंडला उठले, कुर्डुवाडीला उठले, मधेही डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. चहावाला म्हणाला, “मावशी, कुणाला शोधलालाव?” एका पोटरीत दुखणं, धाप लागणं, १०१ च्या वर ताप, लाली पसरत जाणं, जखमेला वास येणं, यातलं काहीही झालं तर वाट न बघता फोन करायचा. हे मात्र त्यांनी मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी सहा आठवडे माझ्या पर्समध्ये होती.

आता पट्ट्याबद्दल. ऑपरेशननंतर अंगावर घालायचा तो. डॉक्टर त्याला गारमेंट म्हणतात, घरात आम्ही पट्टा म्हणायचो. छातीखालून मांडीपर्यंत, नायलॉन आणि स्पँडेक्सचा, दोन्ही बाजूंना हुकांच्या ओळी. सहा आठवडे दिवसरात्र, फक्त आंघोळीपुरता काढायचा, नंतर अजून महिनाभर बारा-बारा तास. चरबी काढल्यावर कातडी आणि खालचा थर यांच्यात पोकळी राहते, तिथं पाणी साचायला जागा मिळू नये म्हणून हा दाब. शिवणकामाच्या नजरेला तो कपडा आवडला. शिवण बाहेरून, अंगाला लागणार नाही अशी. पण तो कापणाऱ्यानं बाई उभी आहे असंच धरलं होतं. बाई बसते. मशिनवर तर दिवसभर बसते. बसलं की कमरेत त्याची चुणी पडायची.

नवव्या दिवशी आंघोळीला पट्टा काढला आणि आरशात पाहिलं तर पोटावर आडवी खाच. खाचेच्या वर एक वळकटी, खाली एक वळकटी. बोटानं खाचेवर दाबलं तर तिथं कडक लागलं. कापड ओलं असताना चुणी दाबून वाळलं तर ती इस्त्रीनंसुद्धा धड जात नाही, हे मी शिकाऊ मुलींना रोज सांगते. माझी कातडी त्या वेळी ओलं कापडच होती. पहिला विचार आला, पट्टा उसवून कमरेत दोन डार्ट घालावेत, चिमटीत कापड आत घेऊन टाकतात ते. कात्री हातात घेतली होती. फोनवर डॉक्टर ओरडले, “दाब सगळीकडे सारखा पाहिजे, तुम्ही काही कापू नका!” त्यांनी फोम सांगितला. बोटभर जाडीची सपाट शीट, कडा तिरप्या कापलेल्या, पोटावर ठेवून वरून पट्टा. चौकोनी कड ठेवली तर तिचाच वळ उठतो, म्हणून तिरपी. ते कटिंग आमच्या मास्तरांनी केलं. कशासाठी ते विचारलं नाही. हर्नियासाठीच असणार. शिवाय उठलं-बसलं की पट्टा वर ओढून सरळ करायचा, ही सवय मी लावून घेतली. खाच भरायला पाच आठवडे गेले.

अठरावा दिवस वहीत लाल पेनानं आहे. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं. त्या दिवशी घरातला प्रत्येक हात भांड्याला लागतो. मला सगळ्यांनी बसवून ठेवलं होतं. मोटार बंद पडली, हे दुकानात, मुलगा क्लासला, आणि पाणी जायची वेळ झाली. दोन हंडे उचलले, जास्त नाही. दुसऱ्या दिवशी उजव्या कुशीला हात लावला तर पिशवीत पाणी हलावं तसं आत काहीतरी हललं. बोटानं टिचकी मारली की पलीकडे लाट जायची. सीरोमा म्हणतात त्याला, कातडीखाली साचलेलं पाणी. इथल्याच एका सर्जननी सुई घालून काढलं, ४० मिली, गव्हाच्या काडीसारखं पिवळट. दुखलं नाही, कारण ऑपरेशननंतर कातडी बधिर होती. चार दिवसांनी परत १५ मिली. मग थांबलं. हंड्यामुळेच झालं असं डॉक्टर छातीठोक म्हणाले नाहीत. उचलाउचली न करताही होतं म्हणाले. मी मात्र हंड्याच्या नावावर लिहून ठेवलंय.

आणि त्याच सुमारास, सूज उतरायला लागली तसं ते सापडलं. तिसरा आठवडा संपत होता. पोट मऊ होण्याऐवजी उजव्या कुशीला तळहाताएवढा भाग असा कडक, जणू कातडीखाली कॉलरचं बक्रम, कॉलरच्या आत घालतात ते ताठ कापड, चिकटवलंय. वाकलं की ओढ बसायची. मधे मधे मटकीएवढ्या, शेंगदाण्याएवढ्या गाठी. रात्री झोपेत हात जायचा आणि जाग यायची. कॅन्सरची गाठ इथपर्यंत मन जाऊन यायचं.

नंतर कळलं ते असं. नळी फिरते तेव्हा चरबीत असंख्य बोगदे पडतात. शरीराला ती जखमच. मग ते घाईघाईनं कोलॅजेनचे धागे टाकत सुटतं. आम्ही आधी कच्चा टाका घालतो ना, आडवातिडवा, नुसतं कापड जागेवर राहावं म्हणून, तसं. पक्की शिवण नंतर. शरीर कच्चे टाके उसवतं, धागे नीट ओढून नव्या दिशेनं लावतं, आणि हे काम महिनोन्‌महिने चालतं, वर्षभरसुद्धा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कडकपणा जाणवतो, बहुतेकांचा तीन ते सहा महिन्यांत मावळतो. जिथं पाणी साचलं, जिथं चुणी पडली, तिथं तो जास्त. माझा उजव्याच कुशीला का, त्याचं उत्तर वरच्या लाल पेनात आहे.

पण हे कळण्याआधी मालिश झाली. सासूबाईंनी माझ्या दोन्ही बाळंतपणांत येणाऱ्या मालिशवाल्या बाईला बोलावलं. हर्नियाच्या पोटाला मालिश करत नाहीत एवढं तिलाही कळतं. सासूबाईंनी काय सांगून तिला तयार केलं ते मी विचारलं नाही. तिळाचं कोमट तेल, आणि तिचे ते अंगठे. “गाठ फोडायला लागती अक्का, सोसा जरा.” बधिर कातडीमुळे मी सोसतही होते. वाटत होतं, बरं वाटतंय. दुसऱ्या दिवशी कूस जांभळी, टेपवर एक इंच जास्त. तिची काही चूक नाही. आपल्याकडे गाठ म्हणजे रगडायची, आखडलं म्हणजे ओढायचं, असाच हात घडतो. माझाही तसाच आहे.

त्यानंतर फिजिओथेरपिस्टकडे गेले. मुलीच्या वयाची, मला काकू म्हणणारी. तिनं पहिल्या दिवशी माझ्या पोटाला हातच लावला नाही. आधी मानेच्या खाली, हाडांच्या वरच्या खळग्यात बोटं ठेवली, मग काखेत, मग जांघेत, आणि दहा वेळा पोटातून खोल श्वास घ्यायला लावला. मी मनात म्हटलं, हिला फी कशाची देतेय? मग ती समजावून सांगायला लागली. रक्ताला हृदयाचा पंप आहे, लसिकेला, म्हणजे लिम्फला, नाही. सुजेचं पाणी लसिकेच्या बारीक नळ्यांतून जातं, श्वासानं आणि हालचालीनं पुढं सरकतं. त्या नळ्या कातडीच्या अगदी लगत असतात. जोरात दाबलं की चपट्या होतात, म्हणजे रगडणारा माणूस नेमका रस्ताच बंद करतो. आधी पुढची नाकी मोकळी करायची, मग मागची गाडी सोडायची. बेंबीच्या वरचं पाणी काखेकडे, खालचं जांघेकडे. डेन्मार्कच्या एमिल वोडर आणि त्यांच्या बायकोनं १९३०च्या दशकात ही पद्धत बसवली, असं ती म्हणाली.

“किती जोर?” मी विचारलं.

“झोपलेल्या बाळाच्या कपाळावरचे केस बाजूला करतो, तेवढा.”

तेल नाही, कारण हात घसरायला नको, कातडी थोडी ताणून सोडायची असते. तिनं माझा हात धरून शिकवलं आणि मी चार वेळा चुकले. चारही वेळा जोर जास्त. मशिनवर मी नव्या मुलींना “पायडल हळू, हळू” म्हणून ओरडते, ती मीच. शेवटी तिनं माझ्या पोटावर टिश्यू पेपर ठेवला. म्हणाली, हा चुरगळला नाही पाहिजे. त्या दिवशी जमलं. घरी रोज रात्री पंधरा मिनिटं. पहिल्या आठ दिवसांनंतर संध्याकाळची सूज अर्ध्या इंचानं कमी दिसायला लागली आणि लघवीला जास्त जावं लागायला लागलं. सुजेचं पाणी शेवटी तिथूनच बाहेर पडणार. कुठं कुठं छिद्रं परत उघडून पाणी दाबून काढतात, ते कधी करू देऊ नका, जंतू आत जातात, हे तिनं दोनदा सांगितलं.

सहा आठवड्यांनंतर त्या कडक भागावर थोडा वेगळा हात. चिमटीत कातडी उचलून लाटल्यासारखी पुढं नेत जायची, दुखेल इतकी नाही. जोडीला अल्ट्रासाउंडचं मशीन, जेल लावून, आठ वेळा. त्याचा पक्का पुरावा फारसा नाही, ती स्वतःच म्हणाली. मला बरं वाटलं, पण तेवढ्यात महिनाही उलटला होता. श्रेय कुणाला द्यायचं ते मी ठरवलेलं नाही.

‘शेक घेऊ नका’ हेही त्या चिठ्ठीत होतं. सासूबाई आणि मी दोघी त्यावर हसलो होतो, आपल्या घरात शेक हे अर्धं वैद्यक. सातव्या आठवड्यात, सीझन तोंडावर, इस्त्रीची बाई आली नाही म्हणून मी टेबलाशी उभी राहिले. पिनोफोरच्या पट्ट्या दाबत होते. जळक्या नायलॉनचा वास आला. वाटलं, कापडात पॉलिस्टर जास्त निघालं, मिलवाल्याला शिव्या घातल्या. दुसऱ्या टेबलावरची ओरडली, “अक्का, पोट!” उभी ठेवलेली इस्त्री पोटाला टेकली होती. पट्ट्याला रुपयाएवढं भोक, खाली कातडीवर फोड. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. नशीब, पट्टा मधे होता. बधिर कातडीला शेक का द्यायचा नाही, ते मला त्या एका क्षणात कळलं. फोड पंधरा दिवसांत बरा झाला. डाग अजून आहे, ऑपरेशनच्या पाचही व्रणांपेक्षा मोठा. बधिरपणा चौथ्या महिन्यात जायला लागला. आधी मुंग्या, मग विजेचे बारीक झटके, मग खाज.

मार्च-एप्रिलच्या सोलापुरात चाळीस-बेचाळीस डिग्रीत तो पट्टा म्हणजे काय, हे फार लिहीत नाही. आत बिनशिवणीचा सुती बनियन, दोन पट्टे आलटून पालटून, दुपारी ओला टॉवेल मानेवर. घामोळं आलंच. हे ऑपरेशन आपल्या भागात करायचं तर पावसाळा संपल्यावर करावं, माझं एवढं स्पष्ट मत आहे.

मिठाचं मात्र लिहायला हवं. वहीत सकाळ-संध्याकाळचा आकडा शेजारी शेजारी आहे. साध्या दिवशी फरक अर्धा-पाऊण इंच. ज्या दिवशी दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी, वर पापड-लोणचं झालं, त्या संध्याकाळी सव्वा इंच. मी चटणी सोडली नाही. सोलापुरात राहून ते पाप कोण करणार! बिनमिठाची कुटून घेतली. पहिल्या दिवशी मातीसारखी लागली, मग सवय झाली. प्रोटीन वाढवायला सांगितलं होतं, म्हणून डाळ, अंडी, मटकी वाढली.

व्रण पाच. बेंबीत एक, तो शोधूनही सापडत नाही. जांघेत दोन. कमरेच्या मागं दोन, आणि नेमके तिथं जिथून परकराची नाडी जाते. जखम भरल्यावर, चौथ्या आठवड्यापासून सिलिकॉन जेल दोन वेळा लावत होते, जांघेतले फिके पडत गेले, मागचे काळे आणि जाड होत चालले. डॉक्टरांना कळेना. मला आठ दिवसांनी परकर धुताना कळलं. नाडीच्या जागी कापड झिजलेलं, आणि त्याच उंचीवर तो व्रण रोज घासला जात होता. मग नाडीऐवजी चार बोटं रुंदीच्या योकचा, म्हणजे सपाट कमरपट्टीचा, बाजूला हुक असलेला परकर शिवला. तीन महिन्यांत मागचेही बसले. तसले परकर आता मी विकतेही, सिझर झालेल्या बायका नेतात.

वहीतले शेवटचे आकडे असे. सहावा आठवडा साडेपस्तीस. तिसरा महिना साडेचौतीस. सहावा महिना पावणेचौतीस, सकाळ-संध्याकाळ सारखाच. वजन ६२, म्हणजे जवळपास होतं तेवढंच. उजव्या कुशीतलं बक्रम आता रुमालाच्या घडीइतकं नरम आहे, मधे शेंगदाण्याएवढी एक गाठ उरलीय. सोनोग्राफीत व्रणाचीच गाठ निघाली. रात्री हात जातो तिच्यावर, पण आता जाग येत नाही.

जुलैत, शाळा सुरू होऊन सीझन थंडावला, तेव्हा शेजारच्या वहिनी दुपारच्या आल्या. “काय करलालाव?” म्हणून बसल्या, चहा झाला, आणि म्हणाल्या, “आमच्या ह्यांचं पण हर्नियाचं निघालंय. तुमचे पुण्याचे डॉक्टर कोण हो? तुम्ही किती छान सुधारलात.”

आता भाऊजींना लायपोसक्शनच्या डॉक्टरांकडे कसं पाठवू? दार लोटून घेतलं आणि सांगून टाकलं. वहिनी गप्प. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, “दुखतं का हो फार?”

मी त्यांचा हात धरून उजव्या कुशीवर ठेवला. त्यांनी अंगठ्यानं दाबलंच.

“हळू,” मी म्हटलं, “अजून हळू.”